भारदस्त देहाला भक्कम आधार

एखाद्या गृहस्थाचें चार लोकांत वजन आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तो त्याचा गौरव असतो. पण तेंच वजन कांट्यावर मोजावयाची वेळ आली, कीं घरांत सर्वजण कुजबुजून बोलूं लागतात. एरव्हीं या संकोचानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु स्थूल प्रकृतीच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे गुडघे झिजले, खुब्याची शस्त्रक्रिया झाली, किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेला, आणि ‘आतां वॉकर घ्या’ असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे हाच संकोच घातक ठरतो. मुलगा अथवा नातू दुकानांत जातो आणि समोर दिसेल तो हलका, घडीचा, स्वस्त वॉकर उचलून आणतो. तो कोणाच्या देहाचा भार सोसणार आहे, हें दुकानदार विचारीत नाहीं आणि घेणाराही सांगत नाहीं.

चालतांना आधार देणारी चौकट ही आपल्याला अगदींच अपरिचित वस्तु नव्हे. लहान मुलाचा पांगुळगाडा आपल्या घरोघरीं होता. प्रौढांसाठीं तशी चौकट मात्र बरीच अलीकडची. इंग्लंडांत विल्यम क्रिब्स रॉब या गृहस्थानें तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला तो १९४९ सालीं. आणि चार चाकांची, हातांत ब्रेक असलेली चौकट स्वीडनमध्यें आयना विफाल्क या बाईनें १९७८ सालीं सिद्ध केली. तिला स्वतःला पोलिओ झालेला होता. पांगुळगाड्यावरून मूल पडलें तर तें क्षणभर रडतें आणि पुन्हां उभें राहतें. सत्तरी उलटलेला माणूस पडला तर खुब्याचें हाड मोडूं शकतें, आणि अंथरुणाला खिळल्यावर फुप्फुसांचे विकार, शय्याव्रण यांची रांग लागते. म्हणून या साध्या दिसणाऱ्या वस्तूची निवड ही भाजी निवडण्याइतकी सहज करूं नये.

आधीं कांटा, मग दुकान

प्रत्येक चांगल्या वॉकरवर, किंवा त्याच्या सोबतच्या कागदावर, तो किती भार सोसूं शकतो याचा आंकडा दिलेला असतो. बाजारांतील सामान्य वॉकर बहुधा १०० ते १३६ किलोंपर्यंतच्या माणसांसाठीं असतात. जाड नळीचे, रुंद आणि विशेष बळकट वॉकर १८० किंवा २२७ किलोंपर्यंतही मिळतात. कांहींवर हा आंकडा पौंडांत असतो. तेव्हां ३०० पौंड म्हणजे सुमारें १३६ किलो आणि ५०० पौंड म्हणजे सुमारें २२७ किलो, हा हिशेब ध्यानांत ठेवावा. ज्या वॉकरवर असा आंकडाच नाहीं, तो कितीही चकचकीत असला तरी जड देहाच्या माणसासाठीं घेऊं नये.

तेव्हां पहिली पायरी म्हणजे वजन करणें, अंदाज नव्हे. ‘नव्वदेक असेल’ असें ज्यांच्याविषयीं घरांत म्हणतात, त्यांचें वजन कांट्यावर १०८ भरावें यांत नवल कांहीं नाहीं. मोजलेल्या वजनाहून निदान वीस किलोंची सूट राहील असाच वॉकर निवडावा. याचें कारण असें, कीं चालतांना भार चारही पायांवर सारखा पडत नाहीं. तोल जातो तेव्हां क्षणार्धांत सारा देह एका बाजूच्या दोन पायांवर, कधीं एकाच पायावर येतो. स्थिर उभ्या माणसाचा भार आणि अडखळलेल्या माणसाचा भार यांत मोठें अंतर आहे; आणि वॉकरची खरी परीक्षा दुसऱ्याच प्रसंगीं होते.

दुकानांत गेल्यावर घडीचे सांधे नीट पाहावेत. घडी उघडल्यावर दोन्ही बाजू ‘खट्’ असा आवाज करून पक्क्या बसल्या पाहिजेत. समोरचा आडवा दांडा एकच आहे कीं दोन, तो जोडावर डुगडुगतो काय, उंची कमीजास्त करण्याच्या कळा चारही पायांत पूर्ण बाहेर येतात काय, हें हातानें चाचपून पाहावें. मग दोन्ही मुठींवर जोर देऊन तो पुढें-मागें व आडवा हलवावा. ज्याच्यासाठीं घ्यावयाचा त्या माणसाला शक्य असेल तर सोबत न्यावें. तें शक्य नसेल तर मापें कागदावर लिहून न्यावीं.

रुंदी : देहाची आणि दाराची

भार सोसण्याची शक्ति असूनही वॉकर निरुपयोगी ठरतो, तो रुंदीमुळें. चौकटीच्या आंत उभें राहिल्यावर दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटांची तरी मोकळीक हवी. ती नसेल तर माणूस चौकटीच्या आंत न जातां मागें राहतो, हात लांब करून पुढें वांकतो, आणि वॉकर पुढें निसटतो. म्हणून कमरेखालीं जेथें देह सर्वांत रुंद आहे तेथील माप घ्यावें, आणि तें नेहमींच्या पोशाखांत घ्यावें. नऊवारीचा घेर अथवा थंडींतील शाल हीं मापाबाहेर ठेवून चालत नाहीं.

परंतु रुंद वॉकर घेतला कीं दुसरा प्रश्न पुढें उभा राहतो, आणि तो आपल्या नाशकांत विशेष आहे. सराफ बाजार, भद्रकाली, पंचवटी या भागांतील जुन्या वाड्यांचीं आंतलीं दारें अरुंद, उंबरे उंच आणि जिने अंधारे. कल्पना करा, कीं अशा एका वाड्यांत आजींसाठीं उत्तम, रुंद वॉकर आणला. माजघरांत तो सुरेख चालला. पण देवघराच्या दाराशीं तो अडला. आतां आजींनीं पूजा बाहेरूनच पाहावयाची आणि ताट खोलींतच घ्यावयाचें. घरांतल्या कोणाच्याही मनांत तसें नसतां, केवळ चार बोटांच्या फरकानें घरांतील ज्येष्ठ स्त्री घरांतच पाहुणी होते. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या नव्या सदनिकांतही न्हाणीघराचें दार बहुधा सर्वांत अरुंद असतें, हें विसरूं नये.

म्हणून वॉकर घेण्यापूर्वीं शयनगृह, न्हाणीघर, संडास, देवघर व स्वयंपाकघर या पांचही दारांचीं मापें घ्यावींत, आणि तीं वॉकरच्या बाहेरच्या, म्हणजे खालच्या पायांमधील, रुंदीशीं ताडून पाहावींत. दोनतीन बोटें कमी पडत असतील, तर दाराची फळी काढून जाड पडदा लावल्यानेंही काम भागतें. उंबऱ्यासाठीं लांकडी किंवा सिमेंटचा उतार करावा. एकास बारा हें प्रमाण सुरक्षित मानतात; म्हणजे १० सेंटिमीटर उंचीच्या उंबऱ्याला १२० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. तितकी जागा नसेल, तर त्या माणसाची खोलीच बदलून, न्हाणीघराच्या आणि देवघराच्या सरळ वाटेवर त्याची गादी आणणें शहाणपणाचें.

उंची, रबर आणि चाकें

उंचीचा नियम सोपा आहे. रोज वापरावयाची पादत्राणें घालून माणसानें सरळ उभें राहावें, हात सैल सोडावेत. मनगटावरील घडी जेथें येते, तेथें वॉकरची मूठ यावी. मूठ धरल्यावर कोपर थोडेंसें वांकलेलें राहिलें पाहिजे. मूठ फार खालीं असेल तर पाठ वांकते. फार वर असेल तर खांदे उचलले जातात आणि हातांचा जोर लागत नाहीं. चारही पायांच्या कळा सारख्याच भोकांत बसल्या आहेत ना, हें मोजून पाहावें.

पायांखालचीं रबरी टोपणें ही वॉकरची पादत्राणें होत. जड देहाखालीं तीं लौकर झिजतात. आंतली नळी फरशीला लागूं लागली, तर ओल्या शहाबादीवर ती कांचेवरून घसरावी तशी घसरते. महिन्यांतून एकदां वॉकर उलटा करून टोपणें पाहण्याचें काम एखाद्या नातवंडाकडे सोंपवावें. घरांतील सर्वांत तीक्ष्ण नजर तीच असते.

चाकांविषयीं सावध असावें. बळकट वॉकर स्वतःही सामान्यापेक्षां जड असतो. ज्याला तो प्रत्येक पावलाला उचलवत नाहीं, त्याला पुढच्या दोन पायांना चाकें असलेला वॉकर सोयीचा पडतो. चार चाकांचा, बसावयाची पट्टी असलेला प्रकार दिसावयास मोहक असतो; पण ज्याला हातांवर बराच भार टाकावा लागतो, त्याच्या हातून तो पुढें पळूं शकतो. कोणता प्रकार योग्य, हें दुकानदारानें नव्हे, तर फिजिओथेरपिस्टनें ठरवावें. एका भेटीचें शुल्क एका मोडलेल्या हाडापुढें कांहींच नव्हे.

चालण्याची रीत

आधीं वॉकर एक पाऊल पुढें ठेवावा. चारही पाय जमिनीवर टेकले म्हणजे दुबळा पाय पुढें टाकावा. मग हातांवर भार देऊन चांगला पाय आणावा. समोरच्या आडव्या दांड्याला पाय भिडूं देऊं नये. तोल मागें जातो. खुर्चींतून उठतांना वॉकर ओढून उठूं नये. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावें आणि मग मुठी धराव्या. बसतांना खुर्चीची कड पोटऱ्यांना लागेपर्यंत मागें यावें, एकेक हात खुर्चीवर नेऊन सावकाश बसावें. अर्थात् ती खुर्ची, आणि न्हाणीघरांत ठेवावयाची कमोडची खुर्चीही, तितक्याच भाराची हवी. वॉकर भक्कम आणि खुर्ची प्लास्टिकची, हा प्रकार फार घरीं दिसतो.

पायऱ्यांवर वॉकर नेऊं नये. नऊ टेकड्यांवर वसलें म्हणून नाशिक, अशी आपल्या गांवाची एक व्युत्पत्ति सांगतात; जुन्या गांवांतील चढउतार चालतांना ती पटतेही. रामकुंडावरील दगडी पायऱ्या, त्यांवरील पाणी आणि गर्दी हें वॉकरचें क्षेत्र नव्हे. तेथें वडिलांना न्यावयाचें तर चाकांची खुर्ची आणि दोन खंबीर माणसें हवींत. घरांतही वॉकरच्या मुठीला भाजीची पिशवी अडकवूं नये, आणि वाटेवरील सतरंजी, विजेची तार, ओलें पायपुसणें उचलून ठेवावें.

सुनेची कंबर

आणखी एक बाजू क्वचितच बोलली जाते. घरांत योग्य साधन नसलें, कीं जड माणसाला उठविण्याचें काम बहुधा सुनांकडे आणि मुलींकडे येतें. शंभर किलोंचा देह बगलेंत हात घालून उचलतां उचलतां त्यांच्या कमरेचा जो कायमचा विकार होतो, त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. चांगला वॉकर ज्येष्ठांना जितका सोडवितो, तितकाच तो त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रियांनाही सोडवितो. दुर्दैवानें कोणी पडलेंच, तर एकट्यानें ओढून उठवूं नये. असह्य वेदना असेल, पाय आखूड अथवा वांकडा दिसत असेल, तर हलवूंच नये, रुग्णवाहिका बोलवावी. शासनाच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे.

खर्च आणि साह्य

बळकट वॉकरची किंमत सामान्याहून अधिक, हें खरें. ज्येष्ठांना असलीं साधनें मिळावींत म्हणून केंद्र शासनानें २०१७ सालीं राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तींतील साधनें कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी संस्थेकडून दिलीं जातात. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं मुख्यमंत्री वयोश्री योजनेंत ६५ वर्षें पूर्ण झालेल्या, मर्यादित उत्पन्नाच्या नागरिकांना साधनांसाठीं ३००० रुपये एकरकमी देण्याचें ठरविलें. या योजना अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं आहेत. आपल्याला त्यांची गरज नसली, तरी घरीं कामाला येणाऱ्या बाईंच्या सासूला असूं शकेल, आणि त्यांचा अर्ज भरून देणें आपल्याला सहज जमेल. कांहीं सेवाभावी संस्था अनामत घेऊन रुग्णोपयोगी साहित्य वापरावयास देतात. तें आणतांनाही भाराचा आंकडा, सांधे आणि रबर पाहूनच आणावें.

‘वजन कमी झालें म्हणजे वॉकर लागणारच नाहीं’ असा उपदेश स्थूल माणसाला सर्वजण करतात. पण जो पडण्याच्या भीतीनें उठतच नाहीं, त्याचें वजन उतरणार कसें? गुडघ्यांची शक्ति चालण्यानेंच टिकते, आणि चालण्याचें धैर्य आधारानें येतें. आज देह जसा आहे तशा देहाला आज आधार हवा. उद्यांच्या सुधारणेची अट त्याला घालणें म्हणजे तहानलेल्याला विहीर खणून होईपर्यंत थांबावयास सांगणें होय. आणि त्या साधनाची थट्टा तर मुळींच करूं नये. ‘आजोबांचा पांगुळगाडा आला’ असें एखादें मूल हंसत म्हणालें, तर आजोबा वॉकर कोपऱ्यांत ठेवतील आणि भिंत धरून चालूं लागतील. आणि भिंतीला मूठ नसते.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें कोणी असेल, त्यांनीं या आठवड्यांतच तीन गोष्टी कराव्यात: प्रेमानें, एकांतांत त्यांचें वजन करावें, घरांतील पांच दारें मोजावींत, आणि घरीं वॉकर असेल तर तो उलटा करून त्यावरील आंकडा वाचावा. या तिन्ही गोष्टींना मिळून अर्धा तासही लागणार नाहीं.