दाराआड कोण होते, यावर खून ठरत नाही : पिस्टोरियस खटला आपण का वाचावा?

14 फेब्रुवारी 2013 च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहरात धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने आपल्या घरातील शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती. ती 29 वर्षांची, कायद्याची पदवीधर होती आणि मॉडेल म्हणून काम करत होती. त्या गोळ्यांनी तिचा मृत्यू झाला. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसताना 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावलेला पिस्टोरियस तेव्हा जगभरातल्या लोकांचा नायक होता.

गोळ्या त्यानेच झाडल्या, याबद्दल वाद नव्हता. घरात चोर शिरला असे वाटले आणि घाबरून गोळ्या सुटल्या, हा त्याचा बचाव होता. भांडण झाले आणि त्याने तिला जाणूनबुजून मारले, हे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. या एका मृत्यूसाठी न्यायालयांनी त्याला आधी 5 वर्षे, मग 6 वर्षे आणि शेवटी 13 वर्षे 5 महिने अशी शिक्षा दिली. "पैसेवाल्याला न्याय विकत मिळतो" किंवा "लोकांच्या दबावाखाली शिक्षा वाढली" एवढे बोलून हा विषय संपवता येतो. पण निकाल का बदलला, हे समजून घेतले तर चळवळीच्या कामाचे बरेच काही हाती लागते.

पहिला निकाल काय म्हणाला?

दक्षिण आफ्रिकेत ज्युरी पद्धत 1969 मध्ये बंद झाली. त्यामुळे हा खटला न्या. थोकोझिले मासिपा यांनी दोन सहायक सदस्यांसह चालवला. सप्टेंबर 2014 मध्ये त्यांनी पिस्टोरियसला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. रीव्हा पलंगावर आहे असे त्याला वाटत होते, म्हणजे दाराआड ती आहे आणि ती मरू शकते हे त्याच्या मनात आले नव्हते, असा तो तर्क होता. मात्र शहाण्या माणसाने घ्यायची काळजी त्याने घेतली नाही, म्हणून निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा दोष लागला. शिक्षा झाली 5 वर्षे. त्यातले जेमतेम एक वर्ष तुरुंगात काढून ऑक्टोबर 2015 मध्ये तो घरी नजरकैदेत गेला.

इथे एका शब्दाने आपला घोटाळा होतो. तिकडच्या ज्या गुन्ह्याचे भाषांतर मराठी बातम्यांत "सदोष मनुष्यवध" असे होते, तो तिथे निष्काळजीपणाचा गुन्हा आहे. आपल्याकडे सदोष मनुष्यवधात मारण्याचा हेतू किंवा मृत्यू ओढवण्याचा संभव असल्याची जाणीव लागते. निष्काळजीपणाने झालेला मृत्यू हे वेगळे कलम आहे. ते पूर्वी 304-अ होते, आता भारतीय न्याय संहितेत 106 आहे.

अपिलात काय बदलले?

सरकारी पक्षाने अपील केले ते कायद्याच्या प्रश्नावर. 3 डिसेंबर 2015 रोजी ब्लूमफॉन्टेन येथील सर्वोच्च अपील न्यायालयाने आधीचा निकाल फिरवून पिस्टोरियसला खुनासाठी दोषी ठरवले. अनेकांचा समज असा की, त्याने रीव्हाला ओळखून मारले असे या न्यायालयाने म्हटले. तसे नाही. भांडणाची गोष्ट सिद्ध झाली असे अपील न्यायालयानेही म्हटले नाही. त्याने वेगळा प्रश्न विचारला : आत कोणीतरी माणूस आहे हे याला माहीत होते की नाही?

माहीत होते. म्हणूनच तर त्याने गोळ्या झाडल्या. शौचालय इतके लहान की आतल्या माणसाला लपायला जागा नाही. पिस्तूल कसे चालते, गोळीने काय होते, हे त्याला ठाऊक होते. इशाऱ्याची गोळीही त्याने झाडली नाही. अशा वेळी आतला माणूस मरू शकतो हे दिसत असून "मेला तर मेला" म्हणून पुढे जाणे, याला त्यांच्या कायद्यात हेतूचाच एक प्रकार मानतात. त्याचे लॅटिन नाव आहे डोलस इव्हेन्च्युआलिस. मरणाऱ्याचे नाव माहीत असणे त्यासाठी गरजेचे नाही. न्यायालयाने उदाहरण दिले ते गर्दीत बॉम्ब ठेवणाऱ्याचे. कोण मरेल हे त्याला कुठे माहीत असते? आपल्याकडेही मारायचे एकाला आणि मेला दुसराच, तरी गुन्हा कमी होत नाही. आधीचे कलम 301 आणि आताचे 102 हेच सांगते.

पुढे जुलै 2016 मध्ये मासिपा यांनी खुनासाठी 6 वर्षे दिली. कायद्याने किमान शिक्षा 15 वर्षांची, त्याहून कमी द्यायला ठोस कारण लागते. अपील न्यायालयाला ते दिसले नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये 15 वर्षांतून भोगलेला काळ वजा करून शिक्षा 13 वर्षे 5 महिने करण्यात आली. जानेवारी 2024 मध्ये तो पॅरोलवर सुटला. मागे राहिलेल्या आम्हीच जन्मठेप भोगतो आहोत, अशा अर्थाचे रीव्हाच्या आईचे निवेदन त्या दिवशी प्रसिद्ध झाले.

भीती कोणाची मोजायची?

या खटल्यावरच्या चर्चेत एक तिसरा माणूस सतत होता. तो कधी अस्तित्वातच नव्हता. "चोर" म्हटल्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या श्रीमंत गोऱ्या वस्तीच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो, असे तिथल्या लेखकांनी विचारले. उत्तर सगळ्यांना माहीत होते : काळा तरुण. मग रीव्हाऐवजी खरोखर असा एखादा तरुण दाराआड मेला असता तर? जगभरचे कॅमेरे आले असते का? त्याच महिन्याच्या सुरुवातीला ब्रेडासडॉर्प गावात 17 वर्षांच्या एका गरीब मुलीवर बलात्कार करून तिला मारण्यात आले. पिस्टोरियसच्या खटल्यासाठी चोवीस तासांची वेगळी वाहिनी निघाली. त्या मुलीच्या खटल्यासाठी निघाली नाही.

हा "कल्पनेतला चोर" आपल्या ओळखीचा आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. जमावालाही "भीती" वाटत होती. पण कोणाला बघून भीती वाटावी, हे जात आणि वर्ण आधीच ठरवून ठेवतात. म्हणून भीती हा आपोआप बचाव होऊ शकत नाही, हे अपील न्यायालयाचे म्हणणे आपल्याला महत्त्वाचे वाटते.

पंचशीलातले पहिले शील घेताना आपण कोणाचे नाव घेत नाही. प्राणिहिंसा घडली की नाही हे ठरवताना बौद्ध परंपरा पाहते ते असे : समोर जीव होता का, तो जिवंत आहे हे माहीत होते का, मारण्याची चेतना होती का, प्रयत्न केला का आणि मृत्यू झाला का. तो जीव आपला की परका, हे या यादीत नाही.

टीका निकालावर की न्यायाधीशावर?

मासिपा यांचा जन्म सोवेटोचा. समाजकार्याचे शिक्षण, मग वर्णभेदाच्या काळात पत्रकारिता, नंतर वकिली आणि 1998 मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. 2014 च्या निकालानंतर त्यांच्यावर वर्णावरून आणि स्त्री असण्यावरून गलिच्छ हल्ले झाले. त्यांचा तर्क चुकला हे अपिलात सिद्ध झाले, ते परिच्छेद आणि पुरावे दाखवून. शिवीगाळीने त्यातले एक वाक्यही बदलले नाही.

वस्त्यांमध्ये तरुणांसोबत बसतो तेव्हा आम्हाला दिसते की निकाल मोबाइलवर येतो, दोन मिनिटांत संताप पसरतो आणि निकालपत्र कोणीच उघडत नाही. खैरलांजी प्रकरणात 2008 साली भंडारा सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, तेव्हा बहुतेकांचे लक्ष फाशीवर गेले. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही, म्हणजे जात हे कारणच मान्य केले नाही, ही खरी जखम निकालाच्या आत होती. 2010 मध्ये उच्च न्यायालयात फाशीही टिकली नाही.

संताप चुकीचा नाही, मोर्चाही चुकीचा नाही. पण संविधानिक मार्ग बाबासाहेबांनी सांगितला तो त्यावर अभ्यासाने चालण्यासाठी. म्हणून पुढचा कोणताही निकाल आला की आपल्या गटात तीन प्रश्न विचारूया. कोणते कलम लावले आणि कोणते गाळले? न्यायालयाने कोणता पुरावा पाहिला आणि कोणता पाहिला नाही? अपिलाची मुदत किती आणि ते कोण करणार? मुदत उलटून गेली, तर कितीही मोठा मोर्चा ती सहजासहजी परत आणू शकत नाही.

जय भीम!