कापसावरचे शुल्क आणि राखीव जागेचे मोल

नंदुरबार लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. पण आमचा प्रतिनिधी ज्या सभागृहात बसतो त्या सभागृहाला न विचारताच आमच्या कापसाचा निर्णय होत असेल, तर त्या राखीव जागेचे मोल काय उरते? एवढाच प्रश्न मला येथे मांडायचा आहे.

घटनेचे २६५ वे कलम सांगते की, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही. आयातशुल्क हाही करच, आणि तो संसद बसवते. परंतु १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे २५ वे कलम केंद्र सरकारला लोकहितासाठी शुल्क माफ करण्याची मुभा देते. त्याला विधेयक लागत नाही, मतदान लागत नाही. राजपत्रातील अधिसूचना पुरते.

२०२१ च्या अर्थसंकल्पाने परदेशी कापसावर, अधिभार धरून, ११ टक्के शुल्क बसवले. १८ ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ते ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. संसदेचे अधिवेशन २१ ऑगस्टला संपले आणि २८ ऑगस्टला माफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे शहादा-तळोद्याकडच्या वेचणीचा ऐन हंगाम तिच्यात सापडला. कारण सांगितले गेले ते कापड उद्योगाच्या गरजेचे.

लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण दारात आलेल्या व्यापाऱ्याला चार-पाच क्विंटल विकणाऱ्या भिल्ल-पावरा शेतकऱ्याच्या हाती हमीभाव पडत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. भाव उतरला की पहिली कात्री लागते ती वेचणाऱ्या बाईच्या मजुरीला.

माफीचा अधिकारच नको, असे माझे म्हणणे नाही. साथीत औषधावरचे शुल्क तातडीने उठवावेच लागते. परंतु गिरणीचा फायदा की शेतकऱ्याचा भाव, ही निवड राजकीय आहे. ती उघड्या सभागृहातच व्हायला हवी. तातडीने शुल्क वाढवायचे तर सीमाशुल्क दर कायद्याच्या ८अ कलमाखाली संसदेच्या ठरावाची मंजुरी घ्यावी लागते. माफीची अधिसूचना मात्र नुसती पटलावर ठेवली की झाले. ती बदलायला दोन्ही सभागृहे सहमत व्हावी लागतात, आणि तोवर झालेले व्यवहार कायमच राहतात.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विधिमंडळाबरोबर कार्यकारी मंडळातही प्रतिनिधित्व मागितले होते. घटनेत राखीव जागा आल्या त्या लोकसभेत आणि विधानसभांत. मंत्रिमंडळात आल्या नाहीत. म्हणून निर्णय सभागृहातून कचेरीत सरकला की आपला आवाज मागेच राहतो.

शेतमालावरील शुल्कमाफीलाही संसदेची ठरावाने मंजुरी लागली पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी आपल्या खासदारापुढे ठेवावी. राखीव जागेवरच्या माणसाने निदान ‘नाही’ म्हणण्याची संधी तरी मागितली पाहिजे.