अळी जन्मण्याआधीच तिचा बंदोबस्त

सुरू उसाच्या कोवळ्या फडात उन्हाळा लागता लागता मधलाच एखादा पोंगा वाळलेला दिसतो. तो ओढला की सहज उपसून हातात येतो आणि बुडाला कुजका वास मारतो. शेतकरी याला पोंगेमर म्हणतात. हे काम खोडकिडीच्या अळीचे. पोंगा वाळेपर्यंत ती कोंबाच्या आत सुखरूप बसलेली असते आणि वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत धड पोहोचत नाही. तिला गाठायचे तर ती अंड्यात असतानाच गाठायला हवे. हे काम ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी करते. तिची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर असून माणसाला ती डंख मारत नाही.

खोडकिडीचा मादी पतंग उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला चपटी, पांढरट अंडी खवल्यांसारखी एकावर एक रचून घालतो. ट्रायकोग्रामाची मादी अशा अंड्यावर चढते आणि मिशांनी ठोकत ठोकत त्यावरून फिरते. या फेरफटक्यातून तिला अंडे केवढे आहे याचा अंदाज येतो आणि आत आपली किती अंडी घालायची हे ती त्यावरून ठरवते. दुसऱ्या मादीने आधीच वापरलेले अंडे बहुधा तिला ओळखू येते आणि ती पुढे सरकते. आत वाढणारी तिची पिल्ले अंड्यातला गर खाऊन टाकतात. तीन-चार दिवसांत अंडे काळे पडते. आठवडाभराने त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर येते. खोडकिडीची अळी जन्मालाच येत नाही.

अशा लाखो माश्या तयार करायच्या तर लाखो अंडी हवीत. ती पुरवतो तांदळात आणि रव्यात जाळी करणारा, घरोघरी वैताग आणणारा कॉर्सिरा पतंग. कॅलिफोर्नियात स्टॅनली फ्लँडर्स यांनी १९३०च्या सुमारास धान्यातल्याच दुसऱ्या एका पतंगाची अंडी वापरून ट्रायकोग्रामाची मोठ्या प्रमाणावर पैदास करण्याची पद्धत बसवली. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी कॉर्सिरा निवडला. ज्वारीचा भरडा तापवून निर्जंतुक करतात, त्यात शेंगदाण्याचा चुरा व यीस्ट मिसळतात आणि कोळी लागू नयेत म्हणून थोडे गंधक घालतात. या भरड्यावर कॉर्सिराची अंडी टाकली की साधारण दीड महिन्यात पतंग निघू लागतात. त्यांना जाळीच्या बुडाच्या भांड्यात ठेवतात, अंडी खाली गळतात. पतंगांच्या पंखांवरची भुकटी हवेत उडते आणि छातीला त्रास देते, म्हणून तोंडावर मास्क बांधूनच हे काम करावे लागते.

गोळा केलेली अंडी चाळून अतिनील किरणांखाली धरतात. त्याने आतला जीव मरतो. नाहीतर कॉर्सिराच्या अळ्या निघून बाकीची अंडी फस्त करतील. मग ही अंडी डिंक लावलेल्या कार्डावर पसरून ट्रायकोग्रामाच्या हवाली करतात. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी मावतात. कार्ड काळे पडले की माल, म्हणजे ट्रायकोकार्ड, तयार झाला. या कारखान्याचा मोठा शत्रूही गांधीलमाशीच आहे. ब्रॅकॉन नावाची ही माशी आत शिरली तर कॉर्सिराच्या अळ्या मारून सगळी पैदास बसवते. म्हणून दारे-खिडक्यांना बारीक जाळी लागते.

कार्ड बांधावर पोहोचल्यावर खरी परीक्षा वेळेची असते. माशी काही दिवसच जगते आणि फार लांब उडत नाही. खोडकिडीचे अंडेही चार-सहा दिवसांतच फुटते. म्हणून लागणीनंतर महिनाभराने सुरुवात करून दर दहा दिवसांनी हेक्टरी सुमारे ५० हजार माश्या सोडण्याची शिफारस आहे. कार्डाच्या पट्ट्या कापून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचतात आणि फडभर ठिकठिकाणी लावतात. कडक ऊन, मुंग्या आणि कीटकनाशक यांतले काहीही त्यांचा घात करते. किडीनुसार माशीची जातही बदलते. खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा किलोनिस वापरतात, तर शेंडे पोखरणाऱ्या किडीसाठी आणि भातावरच्या खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम.

अळी एकदा खोडात शिरली की ट्रायकोग्रामाचा काही उपयोग नाही. तिथे कोटेशिया ही दुसरी माशी चालते. ती अळीच्या बोगद्यात घुसून तिच्या अंगातच अंडी घालते. ब्राझीलच्या ऊसशेतीत तिचा वापर फार मोठ्या प्रमाणावर होतो. मात्र तिच्या पैदाशीसाठी जिवंत अळ्या पोसाव्या लागतात, त्यामुळे ते काम जास्त खटाटोपाचे आहे.

ट्रायकोकार्ड हे औषध नव्हे, तो वेळापत्रकाचा उपाय आहे. कार्ड घेताना त्यावरची माशी निघण्याची तारीख पाहा, ते लावण्याच्या आगेमागे फवारणी टाळा, आणि पोंगे वाळायची वाट न पाहता पानांखाली अंडी शोधायला लागा.