घरातल्या वस्तूंना लिथियमचा सेल चालेल का?



मागच्या बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. आले होते माती परीक्षणाच्या अहवालासाठी, पण उठता उठता त्यांनी खिशातून एक सेल काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "साहेब, हा चार्जिंगचा लिथियमचा सेल आहे म्हणतात. घड्याळाला, रिमोटला, रेडिओला, विजेरीला, सगळीकडे असलेच घातले तर सेलांचा रोजचा खर्च वाचेल का?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येईना. कारण काही वर्षांपूर्वी याच प्रश्नाचे उत्तर मी स्वतः चुकीचे काढले होते, आणि त्यात वडिलांचा रेडिओ गेला होता.

वडिलांचा रेडिओ दोन पेन्सिल सेलवर चालायचा. सेल लवकर संपतात म्हणून मी बाजारातून पेन्सिल सेलच्याच मापाचे दोन चार्जिंगचे लिथियम सेल आणले. माप अगदी बरोबर. कप्प्यात चपखल बसले. बटण फिरवले, एकदा कर्रर्र असा आवाज झाला, किंचित जळका वास आला आणि रेडिओ गप्प झाला. वडील मला काही बोलले नाहीत. पण पुढे कितीतरी दिवस सकाळच्या बातम्यांच्या वेळेला त्यांचा हात सवयीने त्या फळीकडे जायचा. औषधाच्या बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय फवारू नका, असे गावोगाव सांगत फिरणारा मी, बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, सेलच्या अंगावरचा आकडा वाचायला विसरलो होतो.

तो आकडा होता ३.७ व्होल्ट.

मापाने सारखा, दाबाने वेगळा

आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. रेडिओतले दोन सेल एकापाठोपाठ एक जोडलेले, म्हणून रेडिओला तीन व्होल्ट मिळतात आणि तो तेवढ्यासाठीच बनवलेला असतो. लिथियम-आयन जातीच्या सेलचा दाब साधारण ३.६ ते ३.७ व्होल्ट, आणि पूर्ण भरलेला असला तर ४.२ व्होल्ट. असे दोन भरलेले सेल घातले म्हणजे तीनच्या जागी आठ व्होल्टच्या वर गेले. ठिबकच्या नळीला एक किलोचा दाब लागतो तिथे कोणी अडीच-तीन किलोचा सोडला तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून सेल घेताना माप पाहू नका, आधी व्होल्ट वाचा. पेन्सिल सेलच्या मापाच्या लिथियम सेलवर पुष्कळदा १४५०० असा आकडा असतो. तो ताकदीचा आकडा नव्हे. १४ मिलिमीटर जाडी, ५० मिलिमीटर लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल, एवढाच त्याचा अर्थ. १८६५० चेही तसेच, १८ जाडी आणि ६५ लांबी. हे सेल वाईट नाहीत. ज्या विजेरीच्या पुस्तिकेत त्यांचे नाव लिहिले आहे तिथे ते उत्तम काम करतात. दीड व्होल्टच्या कप्प्यात मात्र त्यांना जागा नाही.

आता दुसरा प्रकार. बाजारात हल्ली '१.५ व्होल्ट लिथियम, रिचार्जेबल' असे स्पष्ट लिहिलेले पेन्सिल सेल मिळतात. त्यांच्याही पोटात साडेतीन-पावणेचार व्होल्टचाच सेल असतो, पण त्याच्या डोक्याशी एक बारीक सर्किट बसवलेले असते. ते दाब उतरवून बाहेर बरोबर दीड व्होल्ट देते. हे सेल घरातल्या वस्तूंत घालता येतात. पण ते त्यांच्या स्वतःच्या चार्जरवर किंवा अंगावर दिलेल्या चार्जिंगच्या भोकातूनच भरायचे. निकेलच्या सेलसाठी घेतलेल्या जुन्या चार्जरवर ते चढवू नयेत आणि निकेलचे सेल त्यांच्या चार्जरवर घालू नयेत.

यांच्या वेष्टनावरच्या मोठ्या आकड्याने फसू नका. निकेलच्या सेलवर २००० एमएएच लिहिलेले असते आणि या सेलवर ३००० एमडब्ल्यूएच. तीन हजार मोठे वाटतात, पण ही मोजमापे वेगळी आहेत. एक क्विंटलमध्ये मोजले आणि दुसरे पोत्यांत, असा तो प्रकार. ३००० ला दीडने भागा, उत्तर २००० एमएएचच येते.

कुठे घालावा, कुठे घालू नये

भिंतीवरचे घड्याळ एका साध्या सेलवर वर्षभर सहज चालते. रिमोटचेही जवळपास तेच. एका चार्जिंगच्या सेलच्या किमतीत साधे सेल किती येतात ते दुकानात विचारा आणि तेवढी वर्षे मोजा. लिथियमचा सेल नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो, शिवाय दीड व्होल्टवाल्याच्या पोटातले सर्किट बसल्या बसल्या थोडी वीज खातच राहते. घड्याळाला साधा सेल घाला आणि तो संपला की लगेच काढून टाका. संपलेला सेल आत राहिला की पाझरतो आणि पितळी पत्त्या खाऊन टाकतो.

रेडिओची गोष्ट निराळी. तो तासन् तास चालतो, म्हणजे चार्जिंगच्या सेलने तिथे पैसे वाचतात. पण दीड व्होल्टच्या लिथियम सेलमधले सर्किट मीडियम वेव्हवर खरखर आणू शकते. रेडिओला निकेलचे, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड जातीचे सेल बरे. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असला तरी बहुतेक रेडिओ त्यावर चांगले चालतात, आणि शेकडो वेळा भरता येतात. मुलांच्या मोटारीसारख्या खेळण्यांनाही हेच सेल घाला.

घरी आई-वडिलांसाठी रक्तदाब पाहण्याचे यंत्र असेल, तर त्याला बहुधा चार पेन्सिल सेल लागतात. चार निकेलचे मिळून ४.८ व्होल्टच होतात, आणि काही यंत्रे सेल भरलेले असूनही ते संपल्याची खूण दाखवतात. इथे दीड व्होल्टचे लिथियम सेल उपयोगी पडू शकतात. तरी यंत्राच्या पुस्तिकेत काय सांगितले आहे ते आधी पाहावे. आजारी माणसाच्या यंत्रावर प्रयोग नको.

मोटारीच्या किल्लीत, वजनकाट्यात, खेळण्यात जो रुपयासारखा चपटा सेल असतो तोही लिथियमचाच, पण बहुतेक ठिकाणी तो चार्जिंगचा नसतो. तो चार्जरवर लावू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू लागते. दुखतेय का, याची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा.

रात्रीच्या पाण्याची विजेरी

सगळ्यात महत्त्वाचे आता सांगतो. अजून कितीतरी गावांत शेतीची वीज रात्री येते आणि बारे द्यायला माणसाला रात्री रानात जावे लागते. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याची भीती. बाकी सगळीकडे घोणस आणि मण्यार आहेतच, आणि मण्यार तर रात्रीच फिरते. अशा वेळी हातातल्या उजेडावर जीव अवलंबून असतो.

साधे सेल संपत आले की उजेड पिवळा होतो, मंद होतो. माणसाला कळते, आता घराकडे वळले पाहिजे. दीड व्होल्टच्या लिथियम सेलचे तसे नाही. सर्किट शेवटपर्यंत दाब सारखा ठेवते, उजेड पहिल्या मिनिटासारखाच लख्ख राहतो, आणि मग एकाएकी विझतो. उसाच्या सरीत उभे असताना असे झाले की दहा पावलेही जड जातात. दिवसा घरात जो गुण, तोच रात्री रानात अवगुण ठरतो. चार्जिंगच्या पुष्कळ विजेऱ्यांचेही असेच आहे. म्हणून चार्जिंगची विजेरी जरूर वापरा. डोक्याला बांधायची घेतली तर फावड्यासाठी दोन्ही हात मोकळे राहतात. पण खिशात दुसरी लहान विजेरी असू द्या, साध्या सेलची. मोबाईलच्या उजेडाच्या भरवशावर जाऊ नका, मदतीला फोन करायचा तोही त्यावरच असतो.

विजेरीचा सेल बदलायचा झाला तर १८६५० मापात आजमितीस चांगल्या कंपनीचे नेहमीचे सेल ३५०० एमएएचच्या आसपासपर्यंत मिळतात. त्याच मापाच्या सेलवर ९९०० लिहिले असेल तर तो आकडा खोटा समजा. सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट पुष्कळदा बराच हलका असतो.

स्वस्तातल्या काही चार्जिंगच्या विजेऱ्यांत लिथियम नसतेच, चार व्होल्टची शिशाची बॅटरी असते. या दोन जातींच्या सवयी एकमेकींच्या उलट आहेत. शिशाची बॅटरी रिकामी राहिली की मरते, ती नेहमी भरून ठेवावी. लिथियमची जास्त दिवस ठेवायची असेल तर अर्धी भरून, थंड जागी ठेवावी.

फवारणी पंपाचेही हेच. पाठीवरच्या पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असली तर तिचेच वजन अडीच किलोच्या घरात जाते. सोळा लिटर पाणी आणि वर हे. लिथियमची तेवढ्याच ताकदीची बॅटरी खूप हलकी असते, म्हणून ती बसवण्याकडे ओढा आहे, आणि ते चुकीचे नाही. चूक होते चार्जरमध्ये. तीन लिथियम-आयन सेलांची बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. शिशाच्या बॅटरीचा चार्जर चौदाच्या वर नेतो. जुना चार्जर नव्या बॅटरीला लावला आणि तिच्यातल्या संरक्षक सर्किटने दगा दिला, तर ती फुगते, पेटतेही. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या चार सेलांची बॅटरी तापायला त्या मानाने शांत, पण तिलाही तिचाच चार्जर हवा. बॅटरी आणि चार्जर जोडीनेच विकत घ्या, आणि दोघांवर एकाच रंगाची खूण करून ठेवा.

चार्जिंगला कुठे ठेवता तेही पाहा. फरशीवर किंवा मोकळ्या ओट्यावर, जागे असताना. अंथरुणावर नको, कडब्याजवळ नको, गोठ्यात नको. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग टाळा, सकाळी लावा. ४५ अंशांच्या वर बहुतेक लिथियम सेल भरायचे नसतात. आपल्या आजोबांच्या वेळी संपत आलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवून आणखी दोन रात्री चालवायची रीत होती. साध्या सेलांना ते थोडे लागूही पडे. लिथियमला ऊन कधीही दाखवू नका. फुगलेली बॅटरी टोचू नका, चुलीत टाकू नका. पेटलीच तर आधी मेन स्विच बंद करा, दुरून भरपूर पाणी ओता, आणि धूर नाकात जाऊ देऊ नका. जुने सेल उकिरड्यावरही टाकायचे नाहीत, ते खतातून शेतात येतात. २०२२ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. तालुक्याला जाल तेव्हा विकणाऱ्या दुकानात त्या परत घेतात का ते विचारा.

एवढे सगळे त्या गृहस्थांना सांगून झाल्यावर आम्ही त्यांचा सेल उजेडात धरला. अक्षरे इतकी बारीक की किडी पाहायचे भिंग काढावे लागले. ३.७ व्होल्ट. घड्याळात, रेडिओत कुठेच चालणारा नव्हता. ते हसले, सेल उचलून पुन्हा खिशात टाकू लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्याच खिशात मोटारसायकलची किल्ली आणि सुटे पैसे होते. सेलच्या दोन टोकांना किल्ली लागली तर खिशातच भाजले असते. टेबलाच्या खणातली एक प्लॅस्टिकची पिशवी दिली, सेल तिच्यात गुंडाळला आणि वरच्या खिशात ठेवायला सांगितला.