सालईची सोयरीक

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीकडे निघालं की कोरड्या, खडकाळ उतारांवर सालई दिसू लागते. फेब्रुवारीत पानं झडलेली, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले आणि फांद्यांच्या शेंड्यांना बारीक पांढरट फुलांचे घोस. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असूनही स्वतःच्या परागाने सालईला फळ जवळपास धरतच नाही. सोयरीक बाहेरचीच लागते. पराग पोचवायचं काम आग्या आणि सातेरी माश्यांचं. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते, आग्या त्याहून बरीच लांब जाते. मधलं रान तुटून एखाद्या टेकडीवर मोजक्याच सालया उरल्या, की ही ये-जा रोडावते.

त्यात सालईचा एक गुण फसवा आहे. जाड फांदी तोडून रोवली तरी ती फुटते, मुळांपासूनही धुमारे येतात. वणवे लागूनही ती तगते, त्यात या धुमाऱ्यांचा वाटा असतो. पण एकाच सालईच्या पन्नास फांद्या धुऱ्यावर लावल्या, तर दिसायला पन्नास झाडं आणि जनुकांच्या हिशेबात एकच. त्यांनी आपसात कितीही पराग दिला-घेतला तरी तो स्वतःचाच. फळाची आशा नको.

आता आकडा पाहू. बाहेरून पराग किंवा बी येणं थांबलं आणि प्रत्यक्ष वंश वाढवणारी वेगवेगळी झाडं दहाच राहिली, तर दर पिढीला सुमारे 5 टक्के विविधता गळते. शंभर असतील तर अर्धा टक्का. झाडाची पिढी मोठी असल्याने हे नुकसान लवकर कळत नाही. जुनी झाडं उभी असतात, रान हिरवं दिसतं, आणि खाली रोपंच नसतात. डिंकासाठी वारंवार खाचा पाडल्या तर भर पडते: इथिओपिया-एरिट्रियातल्या सालईच्या भाऊबंदांत, धुपासाठी चीक काढलेल्या झाडांचं बी कमी आणि दुबळं निघतं.

म्हणून रोपवाटिकेसाठी बी आणताना रस्त्याकडेचं एकच लगडलेलं झाड झोडपू नये, सोपं असलं तरी. एकमेकांपासून लांब असलेली, वेगवेगळ्या टेकड्यांवरची पंचवीस-तीस झाडं निवडावीत, प्रत्येकाचं थोडं थोडं बी घ्यावं आणि कोणतं बी कुठलं हे पिशवीवर लिहावं. फांद्या लावायच्याच असतील, तर त्याही तितक्याच झाडांच्या हव्यात, आणि एका झाडाच्या शेजारी शेजारी नकोत.