बिनतारी विमान कसे जोडतात

विमानाची प्रतिकृती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कपाटावर ठेवायचे खेळणे येते. आज ज्या विमानाची हकिगत सांगायची आहे, ते कपाटावर मावणारे नाही. त्याच्या पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर 2.25 मीटर. नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी 1.82 मीटर. वजन 10 किलोच्या आसपास. नाकात पेट्रोलवर चालणारे खरेखुरे इंजिन, पोटात चाके आत ओढून घेण्याची सोय, आणि चालवणारा माणूस मात्र खाली मैदानात उभा. त्याच्या हातात एक पेटी, पेटीवर दोन दांड्या. बाकी सारे काम बिनतारी लहरींचे.

हे विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजी ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाची पाचव्या हिश्शाची नक्कल. मूळ विमानाचा आराखडा रेजिनाल्ड मिचेल या अभियंत्याचा. ते प्रथम 5 मार्च 1936 रोजी उडाले. दुसऱ्याच वर्षी मिचेल वारले. आपल्या विमानाचे युद्धातले काम त्यांना पाहायला मिळाले नाही. पुढे अशी 20,000 हून अधिक विमाने बांधली गेली. मी इथे ‘मार्क 5’ या जातीचे विमान धरून चाललो आहे, कारण प्रतिकृती करणाऱ्यांचे ते आवडते आहे.

आता गणिताच्या शिक्षकांसाठी एक मौजेचा प्रश्न. मूळ विमानाचे भरलेले वजन सुमारे 3,000 किलो. प्रतिकृती पाचव्या हिश्शाची, म्हणजे तिचे वजन 600 किलो भरायला हवे, असे एखादा मुलगा पटकन सांगेल. पण लांबी पाचपट कमी झाली की क्षेत्रफळ 25 पट कमी होते आणि घनफळ 125 पट. म्हणजे 3,000 भागिले 125, उत्तर आले 24 किलो. प्रत्यक्षात कारागीर ते 10 किलोपर्यंत खाली आणतो, आणि आणावेच लागते. पंखाचे क्षेत्रफळ मुळात 22.5 चौरस मीटर, इथे 0.9 चौरस मीटर. मूळ विमानात पंखाच्या दर चौरस मीटरवर 133 किलो भार पडतो, प्रतिकृतीत 11 किलो. हा भार जितका कमी, तितक्या कमी वेगाने विमान हवेत तरंगू शकते, आणि तितकेच ते सावकाश उतरवता येते. म्हणून बांधणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तराजू जवळ ठेवावा. रंगाचा एक जादा हात म्हणजेसुद्धा वजनच, बरं का!

अशी विमाने हल्ली पेटीत सुटी येतात. धड बहुधा काचतंतूचे, म्हणजे फायबरग्लासचे. पंख बाल्सा लाकडाचे. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतले झाड. इक्वेडोर देशातून ते जगभर जाते. नखाने दाबले तर खळगा पडेल इतके मऊ आणि हातात घेतले तर पुठ्ठ्यासारखे हलके. जिथे जोर यायचा तिथे प्लायवूड घालतात. दोन्ही पंख धडाला जोडणारी एक नळी असते, अ‍ॅल्युमिनियमची किंवा कार्बनतंतूची. सारा भार त्या नळीवर.

जोडणीत पहिले काम डिंकाचे नव्हे, मोजमापाचे. पंख नळीवर चढवून पाहावेत. मग शेपटीच्या मध्यावर एक टाचणी रोवून तिला सुतळी बांधावी आणि ती डाव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणून खूण करावी. तीच सुतळी उजव्या टोकाला नेली की खूण तिथेच आली पाहिजे. समद्विभुज त्रिकोणाचे हे प्रमेय आपण फळ्यावर शिकवतो; इथे ते चुकले तर विमान हवेत वाकडे चालते. पंख सरळ बसला की त्याच्याशी तुलना करून आडवी शेपटी बसवायची. मागे दहा पावलांवर उभे राहून एका डोळ्याने पाहिले तर पंख आणि शेपटी यांच्या रेघा समांतर दिसल्या पाहिजेत. सुतार ओळंबा धरून चौकट पाहतो, तीच नजर इथे लागते.

स्पिटफायरच्या पंखात आणखी एक खुबी आहे. पंख मुळाशी 2 अंश वर चढलेला असतो आणि टोकाशी अर्धा अंश खाली झुकलेला. म्हणजे सबंध पंखाला किंचित पीळ दिलेला आहे. वेग फार कमी झाला की पंखाची उचल सुटते. या पिळामुळे ती आधी मुळाशी सुटते, टोकाशी नंतर, आणि वैमानिकाला सावरायला अवकाश मिळतो. प्रतिकृतीत हा पीळ राखला नाही, तर उतरताना एक पंख एकाएकी खाली पडतो आणि विमान उलटे होऊन जमिनीवर येते.

मग सांधे. काचतंतूचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर डिंक धरत नाही. पॉलिश पेपरने तो आधी खरवडून घ्यायचा, स्पिरिटने पुसायचा, आणि मग दोन नळ्यांतला चिकट पदार्थ समभाग मिसळून लावायचा. 5 मिनिटांत वाळणारा मिळतो, पण जोराच्या सांध्याला तो वापरू नये. अर्ध्या तासाचा घ्यावा, आणि रात्रभर हात लावू नये. इंजिनाची पाटी, चाकांचे ठोकळे आणि शेपटी या तीन ठिकाणी घाई करणाऱ्याचे विमान फार दिवस टिकत नाही. धातूच्या प्रत्येक स्क्रूला आटे धरून ठेवणारे औषध थेंबभर लावावे. इंजिनाच्या थरथरीने स्क्रू आपोआप सुटत येतात, हे गावात डिझेल इंजिन चालवणाऱ्याला सांगायला नको.

आता बिनतारी यंत्राकडे वळू. आपला रेडिओ मध्यम लहरींवर लागतो, तेव्हा लहरीची लांबी शेकडो मीटर असते. विमानाच्या पेटीतून निघणारी लहर सेकंदाला 2.4 अब्ज कंपनांची; तिची लांबी अवघी 12.5 सेंटिमीटर. त्यामुळे विमानातली एरियल बोटाच्या पेराएवढी पुरते. बहुधा अशा दोन असतात, आणि त्या एकमेकींशी काटकोनात बसवायच्या, म्हणजे विमान कसेही वळले तरी एक तरी लहर पकडते. कार्बनतंतूच्या भागाआड मात्र त्या ठेवू नयेत. तो लहरी अडवतो. पूर्वी एका मैदानात दोघांच्या पेट्या एकाच कंपनसंख्येवर लागल्या की दोन्ही विमाने बेताल व्हायची. म्हणून मैदानावर फळी टांगलेली असे, आणि ज्याच्या हाती त्या कंपनसंख्येचा चिमटा त्यानेच पेटी सुरू करायची, असा नेम असे. आताची पेटी आणि तिचा ग्राहक यांची आधी जोडी लावून देतात. दोघे मिळून कंपनसंख्या सतत बदलत राहतात, आणि शेजाऱ्याची आज्ञा ग्राहक ऐकत नाही.

ग्राहकाला आज्ञा मिळाली, पण पाते हलवते कोण? ते काम ‘सर्व्हो’ नावाच्या काड्यापेटीएवढ्या यंत्राचे. ग्राहक त्याला सेकंदातून 50 वेळा विजेचा एक लहानसा ठोका पाठवतो. ठोका दीड हजारांश सेकंद टिकला तर सर्व्होचा हात मधोमध. एक हजारांश टिकला तर एका टोकाला, दोन हजारांश टिकला तर दुसऱ्या टोकाला. आत छोटी मोटर, दातेरी चाके आणि आपण कुठे आहोत हे सांगणारा एक बदलता विद्युत्-रोध असतो. ठोका सांगतो ती जागा आणि हाताची खरी जागा यांत फरक असेपर्यंत मोटर फिरते. फरक मिटला की थांबते. वारा पात्याला ढकलू लागला तर सर्व्हो त्याला पुन्हा जागेवर आणतो. या विमानात असे 8 सर्व्हो लागतात: पंखाच्या टोकाकडच्या पात्यांना 2, उतरताना खाली येणाऱ्या पात्यांना 2, आडव्या शेपटीला 2, उभ्या शेपटीला 1 आणि इंजिनाला 1. सर्व्हो आणि पाते यांच्यामधल्या दांडीत तिळभरही ढिलेपणा नको. ढिले पाते वेगात फडफडू लागते, आणि फडफडणारे पाते काही सेकंदांत बिजागरीसकट निघून जाते.

लहर तुटलीच तर काय करायचे, तेही आधी ग्राहकाला सांगून ठेवतात: इंजिन बंद कर. 10 किलोचे विमान इंजिन चालू ठेवून कुठेही जाऊ देणे म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. ही एक गोष्ट ज्याने तपासली नाही, त्याला मैदानात उतरू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर तोल. बैलगाडीत ओझे मागे भरले की गाडी उलाळते, विमानाचेही तसेच. फरक एवढाच की उलाळलेली गाडी थांबवता येते. तोलबिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून कुठे हवा हे नकाशात दिलेले असते; तिथे दोन बाजूंनी बोटे लावून उचलले तर विमानाने नाक किंचित खाली करावे. स्पिटफायरचे नाक प्रतिकृतीकाराच्या दृष्टीने आखूड. मुळात तिथे 27 लिटरचे बारा नळकांड्यांचे जड इंजिन होते, इथे 60 घनसेंटिमीटरचे हलके. म्हणून शेपटी जड होते आणि नाकात शिसे घालावे लागते. तरफेचा नियम लावून पाहा. शेपटीतले टोक तोलबिंदूपासून 120 सेंटिमीटर, नाकातली शिशाची जागा 40 सेंटिमीटर. म्हणजे शेपटीत जादा पडलेल्या 100 ग्रॅमला नाकात 300 ग्रॅम शिसे. शेपटीकडे रंग, लांबी, डिंक वापरताना कंजूषपणा करायचा तो यासाठी.

विमान उडण्याजोगे झाले, की त्याला रूप द्यायचे काम उरते. माझ्या मते खरी गोडी इथे आहे, आणि खरी कसोटीही. पृष्ठभागावर अगदी तलम काचकापड राळेने चढवतात, घासतात, प्रायमर देतात. पत्र्यांचे सांधे दाखवायचे तर चिकटपट्टीच्या कडेशी प्रायमरचा जाड हात देऊन पट्टी काढायची. बारीक कंगोरा उरतो. रिव्हेटसाठी पिचकारीच्या सुईतून पांढऱ्या डिंकाचा थेंब. हजारो थेंब! पण सगळीकडे सारखे टाकू नका. मूळ विमानात पंखाच्या पुढच्या भागावर रिव्हेटची डोकी पत्र्यात बुडालेली, आणि धडाच्या मागच्या भागावर गोल, वर आलेली. हे ठरवताना अभियंत्यांनी मोठी गंमत केली होती: बुडालेल्या रिव्हेटवर वाटाण्याची डाळ चिकटवून विमान उडवले, आणि कुठली डाळ काढली की वेग किती वाढतो ते पाहिले. जिथे फरक पडला नाही तिथे स्वस्तातले गोल रिव्हेट मारले. प्रयोगाला महाग साहित्यच लागते असे नाही.

उभ्या आणि आडव्या शेपटीची हलती पाती मुळात कापडाची होती, पत्र्याची नव्हे. तेव्हा तिथे रिव्हेट न टाकता आतल्या फासळ्यांचे उठाव दाखवायचे. पंखाखाली उजवीकडे पाणी थंड करणारी मोठी पेटी, डावीकडे तेलाची लहान. ही विषमता मार्क 5 ची ओळख. बंदुकांच्या तोंडावर लाल कापडाची ठिगळे. वैमानिकाच्या जागेत राखी-हिरवा रंग, आणि हातदांडीच्या शेंड्याला कडे. रंग 1941 च्या ऑगस्टनंतरचा घ्यायचा तर वरून गडद हिरवा व समुद्री करडा, खालून फिका करडा, शेपटीजवळ फिकट निळसर हिरवा पट्टा. वैमानिक डाव्या पंखावर पाय देऊन चढे, म्हणून त्या पंखाच्या मुळाशी रंग खरडलेला दाखवावा, उजवीकडे कमी. धुराड्यांमागे काजळी हवी, पण हात आखडता ठेवावा. काही हौशी मंडळी विमान इतके मळवतात की ते लढाईतून नव्हे, उकिरड्यातून आल्यासारखे वाटते.

पुष्कळांना आपल्या हवाई दलाची चिन्हे काढावीशी वाटतात. ती इच्छा रास्त आहे. हवाई दलाच्या 8 व्या पथकाला 1944 मध्ये स्पिटफायर मिळाली, आणि पुढे 1947-48 च्या काश्मीरच्या लढाईतही ही विमाने होती. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात एक पाहायला मिळते. पण 8 व्या पथकाची विमाने मुख्यतः मार्क 8 जातीची. त्यांच्या पंखाखालच्या पेट्या दोन्हीकडे सारख्या. मार्क 5 वर ती चिन्हे काढली तर जाणकार हसेल. आणखी एक: ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चिन्हातला तांबडा ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर तांबडा गोळा असे. तिथे गडद निळे आणि फिके निळे एवढेच रंग.

उडवण्याच्या दिवशी मोकळे मैदान, वस्तीपासून दूर. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतची, शिकण्यासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायची विमाने ‘मॉडेल’ म्हणून वेगळी धरली आहेत. तरी विमानतळाजवळ आणि बंदीच्या क्षेत्रात ती उडवता येत नाहीत. आधी पेटीची शक्ती कमी करून 30 पावलांवरून सगळी पाती हलतात का पाहायचे, एकदा इंजिन बंद ठेवून, एकदा चालू करून. इंजिन सुरू करताना शेपटी खुंटीला बांधलेली हवी, आणि पंख्यासमोर किंवा त्याच्या रेषेत कोणी उभे राहता कामा नये. 56 सेंटिमीटरचे फिरते पाते डोळ्यांना दिसत नाही. मुले असतील तर त्यांना मागे 20 पावलांवर दोरी बांधून उभे करावे.

विमान धावू लागले की डावीकडे ओढ घेते. ते इंजिनाच्या फिरण्यामुळे. उभ्या शेपटीने उजवीकडे थोडे थोडे सावरत, वेग हळूहळू वाढवत न्यायचे. चाकांमधले अंतर जेमतेम 35 सेंटिमीटर, त्यामुळे झटका दिला की एक पंख जमिनीला टेकतो. पहिली फेरी 5 मिनिटांपेक्षा लांबवू नये. उतरल्यावर इंजिनाच्या पाटीचे चारही स्क्रू, चाकांच्या दांड्या आणि 8 सर्व्होंचे हात एकेक हलवून पाहावेत, आणि मगच टाकीत पुन्हा पेट्रोल घालावे.