चुलीजवळचा धम्म : लहान मुले, घरचे अन्न आणि आपली जबाबदारी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी आईच्या कडेवर बसून तेथे गेलेली बालके आज सत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आपल्या घरांत वाढत आहेत. दीक्षा घेणाऱ्या पिढीने जुने देव घराबाहेर काढले, गावकीची कामे टाकली, पोरांना शाळेत घातले. हे सर्व कशासाठी, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण जुने जिणे त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसले होते. आजच्या बालकाला तो अनुभव नाही. तो नसावा म्हणूनच तर आपल्या वाडवडिलांनी लढा दिला. पण मग या बालकापर्यंत धम्म पोहोचणार कसा?

विहारात ते मूल आठवड्यातून तासभर येते. जयंतीच्या मिरवणुकीत वर्षातून एकदा नाचते. बाकीचा सर्व काळ ते घरात असते, आणि घरातही आई-आजीच्या मागे मागे स्वयंपाकघरात घुटमळत असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही चूल, ताट आणि मूल यांच्याविषयी काही विचार संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

घर हे धम्माचे पहिले क्षेत्र

बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी धम्माचा अर्थ फार सोपा करून सांगितला आहे. माणूस अगदी एकटा राहत असेल तर त्याला धम्माची गरज नाही. पण दोन माणसे एकत्र आली की त्यांना एकमेकांशी नीट वागावे लागते, आणि तेथे धम्म लागतोच, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. ही कसोटी लावली तर ज्या घरात पाच-सहा माणसे एका भांड्यातले अन्न वाटून खातात, त्या घराइतकी धम्माची गरज आणखी कुठे असणार?

भगवान बुद्धांनी गृहस्थाला केलेला उपदेश दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला त्या दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-सत्पुरुष. आईवडिलांनी मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या व कसब शिकवावे, योग्य वेळी त्यांचे लग्न लावून द्यावे आणि वारसा त्यांच्या हाती सोपवावा, अशी पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत.

याच सुत्तातील एका बारीक गोष्टीकडे आम्ही गृहिणींचे लक्ष वेधू इच्छितो. कामकऱ्यांविषयीच्या कर्तव्यांत, घरी एखादा खास पदार्थ झाला तर त्यातला वाटा त्यांनाही द्यावा, असे भगवंत सांगतात. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी भांडी घासायला, केर काढायला बाई येते. तिला वेगळा कप आणि शिळी पोळी देणारे घर बौद्ध म्हणवून घेऊ शकते काय? मुलाच्या हाती गरम पुरणपोळी देऊन ‘जा, मावशींना दे’ असे म्हणा. समतेचा हा धडा ते मूल जन्मभर विसरणार नाही.

सुभेदार रामजींचे घर

आपले घर लहान आहे, वेळ नाही, शिक्षण कमी आहे, अशी अडचण अनेक पालक सांगतात. त्यांनी परळच्या डबक चाळीतील खोली आठवावी. एकच खोली; तेथेच चूल, तेथेच सामान, तेथेच झोपणे. सुभेदार रामजी आंबेडकर मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवीत. त्या घरी सकाळ-संध्याकाळ अभंग व कबीराचे दोहे म्हटले जात.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्या घरात मुलाला प्रश्न विचारण्याची मुभा होती. रामायण-महाभारत आपण कशासाठी वाचायचे, असे बालभीमाने वडिलांना विचारले. त्यांनी त्याला गप्प केले नाही. द्रोण आणि कर्ण यांचे दाखले देत, आपल्या मुलांच्या मनातला कमीपणा जावा हा आपला हेतू त्यांनी सांगितला. ते उत्तर मुलाला पटले नाही, तरी बोलणे झाले. पुढे दादा केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्या शाळकरी मुलाला भेट दिले. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एका मुलाच्या हाती दिलेले पुस्तक १९५६ पर्यंत कुठवर पोहोचले, हे आपण सर्व जाणतो. तेव्हा जेवताना मुलाने ‘बुद्ध देव होते का?’, ‘आपण गणपती का बसवत नाही?’ असे विचारले, तर त्याला दटावू नका. घास हातात ठेवून उत्तर द्या.

ताटामागचा इतिहास

आपल्या ताटातल्या ताज्या भाकरीला इतिहास आहे, आणि तो मुलांना कळला पाहिजे. दिवसभर राबून दाराशी भाकरतुकडा मागावा लागत होता, मेलेल्या जनावराचे मांस वाट्याला येत होते, ते वाळवून चान्या करून ठेवाव्या लागत होत्या. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व सत्याग्रहींनी प्राशन केले. त्यानंतर मंडपात जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर जमावाने हल्ला चढविला आणि तयार अन्न मातीत मिसळले. म्हणजे पाणी आणि अन्न या दोन्हींवर माणुसकीचा लढा झाला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. आपल्या आज्या-पणज्यांनी उपास काढले, पण ते आवाहन पाळले. घरी कष्टाच्या पैशाने आणलेल्या पिठाची भाकर करणे हे त्या काळी बंडच होते.

हे सांगताना मात्र काळजी घ्यावी. जुन्या अन्नाविषयी मुलाच्या मनात लाज निर्माण होता कामा नये. लाज ते अन्न खायला लावणाऱ्या व्यवस्थेला वाटायला हवी. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यपरंपरेची नोंद केली, तेव्हा पाककृतींच्या पुस्तकांत ज्यांना कधी जागा मिळाली नव्हती ते पदार्थ प्रथमच सन्मानाने छापले गेले. शाळेत डब्यातले सुकट किंवा बोंबील पाहून कुणी नाक मुरडले, तर मूल दुसऱ्या दिवशी डबा लपवून खाते. अशा वेळी त्याला सांगावे की अन्न उच्च-नीच नसते; ते ताजे, स्वच्छ आणि प्रामाणिक कष्टाचे असावे, एवढेच पाहायचे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मातांना हेच बजावले होते : मुलांच्या मनातला न्यूनगंड काढा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा निर्माण करा.

आधी घास, मग उपदेश

आळवी येथील एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. त्याचा बैल हरवला होता. तो शोधून उपाशीपोटी धावतपळत तो सभेला आला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी प्रथम त्याला जेवू घालायला सांगितले आणि तो तृप्त झाल्यावरच धम्म सांगितला. भुकेल्या मुलाला हात जोडून वंदनेला बसविणाऱ्या पालकांनी ही कथा लक्षात ठेवावी. चार-पाच वर्षांच्या मुलाला त्रिसरण-पंचशील म्हणायला दोन-तीन मिनिटे पुरेत. त्याचे पोट भरलेले असू द्या, आणि म्हटल्याचा अर्थ एका वाक्यात सांगा.

चौथे शील, म्हणजे खोटे न बोलणे, कसे शिकवावे याचा नमुना खुद्द भगवंतांनी घालून दिला आहे. मज्झिमनिकायातील राहुलोवाद सुत्तात ते भांड्यातले उरलेले थोडे पाणी राहुलाला दाखवतात, मग ते ओतून देतात, भांडे पालथे करतात, पुन्हा उलथून रिकामे दाखवतात. जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्वही असेच रिकामे, हा त्यातला बोध. राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता, असे अट्ठकथा सांगते. सम्राट अशोकाने बैराट-भाब्रू लेखात ज्या सात धम्मग्रंथांची शिफारस केली, त्यांत खोट्या बोलण्याविषयीचा हा राहुलोपदेशही आहे. तांब्या आणि पाणी प्रत्येक स्वयंपाकघरात असते. बाविसशे वर्षांपूर्वी सम्राटाने गौरविलेला धडा आपण आज रात्रीच घेऊ शकतो.

मांसाहाराचे काय?

रविवारी घरी मटण शिजत असता मूल विचारते, ‘पहिले शील तर प्राणिहत्या करू नये असे आहे ना?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मुलाला वस्तुस्थिती सांगावी. जीवक सुत्तानुसार, प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली, तर ते मांस भिक्षूने घेऊ नये. अन्यथा भिक्षेत मिळालेले घेण्यास हरकत नाही. देवदत्ताने संघावर शाकाहाराची सक्ती करावी अशी मागणी केली, ती भगवंतांनी फेटाळली. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी फरक केला आहे, असे बाबासाहेब स्पष्ट करतात. म्हणून मांस खाणारा पापी आणि न खाणारा श्रेष्ठ, अशी नवी पायरी आपण घरात उभी करू नये. उद्या मुलीने स्वतःहून मांस सोडले तर तिची थट्टा करू नये आणि खाणाऱ्या भावाला तिनेही हिणवू नये. मुक्या जनावराला दगड मारणे, चिमणीचे घरटे मोडणे मात्र खपवून घेऊ नये.

पौर्णिमेची खीर

उरुवेला येथे सुजातेने दिलेली खीर घेऊन बोधिसत्त्व बोधिवृक्षाखाली बसले, आणि चुंद लोहाराच्या घरचे भोजन हे तथागतांचे अखेरचे भोजन ठरले. ते जेवण बाधले असे म्हणून कुणी चुंदाला दोष देईल, हे जाणून भगवंतांनी आनंदाला सांगून ठेवले की बोधीपूर्वीचे व परिनिर्वाणापूर्वीचे ही दोन्ही अन्नदाने सारख्याच फळाची आहेत. मृत्यू समोर असताना त्यांना स्वयंपाक करणाऱ्याच्या मनाची काळजी होती. आमटीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावणाऱ्या पुरुषांनी याचा विचार करावा.

वैशाख पौर्णिमेला मुलांना हाताशी घेऊन खीर करावी. एक लिटर दुधाला एक मूठ तांदूळ पुरतो. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा, जाडसर वाटावा आणि मंद आचेवर दूध आटेपर्यंत ढवळत शिजवावा. गूळ घालायचा असल्यास खीर खाली उतरवून कोमट झाल्यावरच घालावा. उकळत्या दुधात टाकल्यास दूध फाटते. तांदूळ निवडणे आणि वाट्या मांडणे ही कामे लहानग्यांची. ढवळताना सुजातेची गोष्ट सांगावी. पहिली वाटी शेजारच्या घरी, मग तो कुणीही असो, मुलाच्याच हातून पाठवावी.

स्वयंपाकघर एकटीचे नव्हे

आतापर्यंत जे सांगितले ते सर्व आईनेच करायचे, असा अर्थ कुणी घेतला तर आमचे लिहिणे वाया गेले. १९४२ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी, पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम होण्यास नकार द्यावा, असे सांगितले. सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले खाणारी आई रोज पाहणाऱ्या मुलाला भाषणातील समता खरी वाटणार नाही. सर्वांनी एकत्र बसावे, मुलानेही पोळी लाटावी, बापाने ताटे उचलावीत.

आणि पाचवे शील. दारूचा ग्लास घेऊन बसलेल्या बापासमोर मूल पंचशील म्हणत असेल तर त्या मुलाला आपण नेमके काय शिकवीत आहोत? दारू न पिण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतच आहे. दारूवर जाणारा पैसा मुलांच्या दुधातून आणि वह्यांतून जातो, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

बंधू-भगिनींनो, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात अनेक वस्त्यांत ग्रंथवाचन चालते. यंदा प्रत्येक सभासदाने आपल्या घरी आठवड्यातून एक रात्र ठरवावी : टी.व्ही. व मोबाईल बंद, सर्वांचे एकत्र जेवण, नंतर ग्रंथाचे एक पान. पान मुलांनी वाचावे आणि प्रश्नही मुलांनीच विचारावेत. विद्यार्थी मित्रांनी यात पुढाकार घ्यावा. घरातला धाकटा भाऊ, धाकटी बहीण हीच तुमची पहिली श्रोतेमंडळी आहे. यासाठी संस्थेची वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. घरात शिजलेले दोन घास सर्वांनी मिळून खाण्याची तयारी तेवढी लागते.

जय भीम!